तीस वर्षं वाट बघितली, मग घरी आल्यावर असं रिकामं का वाटतंय?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की ज्याची वर्षानुवर्षं वाट बघितली असा एखादा रॉकवाला कोणी अखेर प्रत्यक्ष बघून आलं असेल तर कळवा, आणि पत्रांचा हा ढीग लागला. संपादिका म्हणाल्या पाचच घ्या, जागा नाही. शास्त्रीयवाल्यांनी रागावू नये, तुमचं बरंय हो, दर डिसेंबरला सवाईला जाऊन बसता, आवडता गवई यंदा नाही तर पुढच्या वर्षी. आमच्या लोकांना एकेका माणसासाठी अर्धं आयुष्य घालवावं लागलंय, त्यामुळे आजचा सगळा कॉलम त्यांचा.

प्रश्न: मी पन्नाशीची, कोल्हापूरची. १९९२ ला अकरावीत होते, मावसभाऊ इंजिनिअरिंगला होता त्याने गन्स अँड रोझेसची कॅसेट दिली आणि त्याच सुमारास घरी केबल आली. त्यांच्या नोव्हेंबर रेन गाण्याचा तो व्हिडिओ, स्लॅश चर्चमधून बाहेर येऊन गिटार वाजवतो तो, मी अक्षरशः ताट हातात धरून बघत उभी राहिले होते. मी मराठी मीडियमची, इंग्रजी शब्द कळायचे नाहीत म्हणून जसं ऐकू येईल तसं देवनागरीत वहीत उतरवून पाठ केलं. २०१२ ला ते मुंबईत आले तेव्हा मुलगी लहान होती आणि तसंही स्लॅश बँडमध्ये नव्हता, म्हटलं नको. मग मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर लेकीला घेऊन गेले, रात्रीच्या बसने. बँड यायच्या आधी एक टेक्निशियन येऊन नुसती गिटार चेक करत होता तेव्हाच मला हुंदका आला, लेक घाबरली. पण त्यांचा गायक अ‍ॅक्सल, त्याचा आवाज तो कॅसेटमधला नव्हता. आणि मी जी गाणी म्हणत होते ते शब्दच चुकीचे आहेत हे लेकीने तिथेच हसत सांगितलं. परत आले तर आठ दिवस एकही गाणं लावावंसं वाटेना. आता दिवसभर ऑफिसात बसून वाटतं, संपलं की सगळं. माझं काही चुकलं का?

उत्तर: ताई, लग्नघर कसं होतं आठवा. महिनाभर गडबड, मांडव, पाहुणे, आणि पाठवणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खोली, तेच पिंप, पण आवाज नाही. मुलगी चांगल्या घरी पडली म्हणून आईला रडू यायचं थांबतं का? तुमच्या घरात तेहतीस वर्षं एक वाट बघणं राहत होतं. कुठे मुंबईला गेलात, पेपरात काही वाचलंत, मुलीने गिटार हवी म्हटलं, की ते मधेच डोकं वर काढायचं. ते १७ मेच्या रात्री गेलं. आठ दिवस काहीच नाही, मला तर दोन महिने लागले होते.

माझं सांगतो, म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. माझा देव रॉजर वॉटर्स, पिंक फ्लॉइड बँडवाला. २००२ ला तो बेंगळुरूला आला होता, मी रजा टाकली, रेल्वेचं रिझर्व्हेशन झालं, आणि नेमकं आदल्या आठवड्यात वडलांच्या छातीत दुखायला लागलं, त्यांना अ‍ॅडमिट करून मी बाकड्यावर बसलो. वडील ठणठणीत घरी आले, मी मात्र पाच वर्षं त्यांच्याकडे बघताना मनातल्या मनात थोडा रागवायचो, आता लाज वाटते. २००७ च्या फेब्रुवारीत तो मुंबईला बांद्र्याच्या एमएमआरडीए मैदानात आला, डार्क साइड ऑफ द मून पूर्ण वाजवायला. तो अल्बम १९७३ चा. मी गेलो, धूळ खात तीन तास आधी उभा राहिलो, आणि पहिला अर्धा तास मी काय करत होतो माहितेय? तपासत होतो. हा गिटारचा तुकडा रेकॉर्डवर असाच आहे का, ही बाई वरचा सूर लावेल का, बँडचा गिटारवाला गिल्मोर नाहीये मग त्याच्या ओळी कोण गाणार. परीक्षकासारखा. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो समोर उभा आणि मी हातात लाल पेन घेऊन बसलेलो.

मग उत्तरार्धात तो अल्बम सुरू झाला, त्यात एक भाग आहे जिथे पावलांचा पळण्याचा आवाज येतो, त्या टूरला स्पीकर्स प्रेक्षकांच्या मागेसुद्धा लावायचे, तर ती पावलं माझ्या पाठीमागून आली आणि मी दचकून मागे वळलो. मागे काय, हजारो चेहरे, सगळे स्टेजकडे बघतायत, कोणी डोळे मिटलेत, एका काकांनी तर शर्टाची बाही तोंडात धरली होती. मी तेवढा वेळ स्टेजकडे पाठ करूनच उभा राहिलो. तो दिवस आठवायचा म्हटलं तर मला वॉटर्स दिसतच नाही, ते काका दिसतात.

आता आवाजाचं. कॅसेटमधला अ‍ॅक्सल पंचविशी-तिशीतला होता. अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन हा अल्बम आला जुलै १९८७ मध्ये, यूझ युअर इल्यूजनचे दोन्ही भाग सप्टेंबर १९९१ मध्ये. महालक्ष्मीला तुमच्यासमोर उभा होता तो ६३ वर्षांचा माणूस. माझा वॉटर्सपण २००७ ला ६३ चाच होता, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. घशातल्या त्या स्वरतंतूंची लवचीकता वयाने कमी होते, स्नायू बारीक होतात, वरचे सूर आधी जातात, मधले टिकतात. आणि त्याची शैली तर सगळी वरच्या पट्टीत किंचाळायची. आपल्याकडे गवई सत्तरीत काळी दोनवरून काळी एकवर उतरला तर आपण म्हणतो काय मुरलाय, आणि या बिचाऱ्यांनी मात्र साठीतही पंचविशीचंच गायचं.

दुसरं, तुम्हाला माहीत असेलच, २०१२ मध्ये कोणीतरी अ‍ॅक्सलला विचारलं होतं की जुना बँड पुन्हा एकत्र येणार का, त्यावर तो म्हणाला होता, या जन्मात नाही. त्याच वर्षी डिसेंबरात तो स्लॅशशिवाय मुंबईत येऊन गेला. स्लॅश १९९६ मध्येच बाहेर पडलेला. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये दोघं एका स्टेजवर आले, टूरचं नावच त्यांनी 'या जन्मात नाही' असं ठेवलं. ती टूर साडेतीन वर्षं चालली, जकार्ता झालं, मनिला झालं, अबूधाबीपर्यंत आले, आपल्याकडे नाही. म्हणजे तुम्ही ज्याची वाट बघत होतात ते मधली वीस वर्षं अस्तित्वातच नव्हतं. तुम्ही नसलेल्या बँडची वाट बघितलीत आणि तो परत झाला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

नव्वदीत हा बँड तासन् तास उशिरा स्टेजवर यायचा, लोक चिडायचे, माँट्रियलला १९९२ मध्ये तर तो कार्यक्रम अर्धवट सोडून निघून गेला आणि दंगल झाली. आता आपल्या मुंबईत खुल्या मैदानात रात्री दहाला लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद, ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत २००० सालचे. ज्या माणसाने जगाला ताटकळत ठेवलं त्यालाही आपल्या गणपतीच्या मंडळासारखी दहाची वेळ पाळावी लागते, मला याची फार गंमत वाटते.

तेव्हा तुमचं चुकलेलं काहीच नाही. गाणी लावायची घाई करू नका. आणि लेकीला सांगा, आईचे शब्द चुकीचे नाहीत, ते तिचे आहेत. त्या वहीबद्दल शेवटी बोलतो.

प्रश्न: वय ६३, सातारा. १९८० ला मी मुंबईत धोबीतलावच्या बाजूला एका नातेवाइकांकडे राहून शिकत होतो. मार्च महिना होता, मित्र म्हणाला रंगभवनला इंग्लंडचा बँड आलाय, पोलिस नावाचा. तिकिटाला पैसे नव्हते. आम्ही बाहेर भिंतीला टेकून उभे राहिलो, वरून उघडं असल्याने सगळं ऐकू यायचं. तीन-चार गाणी ऐकली आणि काकू रागावतील म्हणून घरी गेलो. बँडचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकत होतो, पण तो बास गिटारचा आवाज काही डोक्यातून गेला नाही. २०२४ च्या जानेवारीत महालक्ष्मीला त्यातला बास वाजवणारा स्टिंग बघितला, ४४ वर्षांनी, या वेळी भिंतीच्या आतून. पण आताचा एक मित्र म्हणतो तो पोलिस नव्हेच, उरलेले दोघं कुठे होते, त्यामुळे हे धरता येणार नाही. धरायचं की नाही?

उत्तर: काका, मला आधी तुमच्या त्या काकूंना दंडवत घालायचाय, त्यांच्यामुळे ही गोष्ट तयार झाली.

तुमच्या मित्राचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पोलिस म्हणजे स्टिंग, अँडी समर्स आणि स्ट्युअर्ट कोपलंड असे तिघं. तिघं पुन्हा एकत्र फिरले २००७-०८ मध्ये, पण त्या फेरीत भारत नव्हता. म्हणजे भारतात पोलिस बघायचा योग होता तो १९८० चाच, रंगभवनचा, टाइम अँड टॅलेंट्स क्लब नावाच्या बायकांच्या संस्थेने आणलं होतं त्यांना. आणि तुम्ही तिथे होतात. भिंतीच्या बाहेर होतात एवढंच. मित्राला विचारा तो कुठे होता. १९८० ला पूर्ण बँड ऐकला, २०२४ ला बासवाला बघितला, दोन्ही मिळून हिशेब जुळतो की. मी तर म्हणेन तुम्ही सगळ्यात श्रीमंत. आणि तो रंग उडालेला जुना बास त्याच्या गळ्यात बघितलात ना? गिटारवाले लोक लाखो रुपये घालून नवीन वाद्यं घेतात आणि हा कोट्यधीश माणूस पोपडे निघालेला फेंडर घेऊन फिरतो.

लोकांना वाटतं आमच्या वेळी कोणी यायचंच नाही. अगदीच तसं नाही, यायचे, पण आपल्याला कळायचं नाही. १९७२ ला लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोत एका रात्री वाजवूनही गेले, समोर किती माणसं, मूठभर. ज्यांनी बघितलं त्यांच्यातल्या निम्म्यांना दुसऱ्या दिवशीही कळलं नसेल आपण काय बघितलं. १९९५ ला डीप पर्पल आले, २००३ च्या एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्नवर वाजवून गेले, बँड सुरू झाल्यावर चाळीसेक वर्षांनी. नव्वदच्या आधी परकीय चलनाची भानगड होती, बाहेरच्या बँडला डॉलरमध्ये पैसे द्यायचे तर परवानग्यांचा डोंगर, आणि एवढं सामान विमानाने आणून एक शो करून जाण्यात त्यांनाही काही सुटायचं नाही. मग १९९१ नंतर केबल आली, कॅसेट कंपन्या परदेशी अल्बम अधिकृत छापायला लागल्या, आणि एक अख्खी पिढी अशी तयार झाली जिच्याकडे भूक होती पण जेवण नव्हतं.

आणि रंगभवन! १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक हे रॉकचं संमेलन तिथेच व्हायचं, कितीतरी पोरांनी आयुष्यातली पहिली डिस्टॉर्शनवाली गिटार तिथे ऐकली. पण एका बाजूला कॉलेज, जवळच हॉस्पिटलं, त्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमात ती जागा सापडली आणि मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले. नियम चुकीचा नाही, पेशंटला झोप हवीच. पण त्या रस्त्याने जाताना मला अजून वाईट वाटतं ते वाटतंच.

एक शेवटचं, तुमच्या जिल्ह्याचं. पाचगणीच्या शाळेत फरोख बुलसारा नावाचा मुलगा होता, वर्गमित्रांबरोबर हेक्टिक्स नावाचा बँड काढून शाळेच्या कार्यक्रमात पियानो बडवायचा. पुढे तो क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. क्वीन कधी भारतात आलेच नाहीत आणि फ्रेडी १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये गेला. म्हणजे फ्रेडीला महाराष्ट्रात स्टेजवर कोणी बघितलं असेल तर ते पाचगणीच्या शाळेतल्या पोरांनी आणि मास्तरांनी. बाकी सगळ्यांची वाट बघायची राहूनच गेली. त्या हिशेबाने तुमची भिंत फार पातळ होती काका.

प्रश्न: ठाण्याहून लिहितेय. वय ५७, दोन्ही गुडघे कुरकुरतात. पुढच्या मोठ्या शोला जायचंच आहे पण पाच तास उभं राहणं जमेल का? मुलगा म्हणतो घरी टीव्हीवर बघ.

उत्तर: मुलाला सांगा तूच बघ टीव्हीवर. तिकीट काढताना फक्त किंमत बघू नका, आधी जागा बघा. रेसकोर्स किंवा एमएमआरडीएसारखं मैदान असेल तर बहुतेक सगळं उभं, पुढचं महागडं तिकीट म्हणजे जास्त गर्दीत जास्त वेळ उभं, लोकांना वाटतं महाग म्हणजे खुर्ची मिळेल, तसं नसतं. नेरुळच्या डी. वाय. पाटीलसारखं स्टेडियम असेल तर वरच्या स्टँडमध्ये खुर्ची असते आणि दिसतंही छान, यू२ डिसेंबर २०१९ ला तिथेच आले होते, मी वरूनच बघितलं, पडदा एवढा अवाढव्य होता की खालून मान दुखली असती. महालक्ष्मी स्टेशन रेसकोर्सच्या चालत अंतरावर आहे, नेरुळलाही स्टेशनवरून चालत जाता येतं, गाडी अजिबात नेऊ नका, परत निघताना दोन तास पार्किंगमधून बाहेर पडण्यात जातात आणि गुडघे तिथेच संपतात.

बूट जुने, मुरलेले घाला, त्या दिवशी नवीन काढू नका. सगळ्यांबरोबर गेट उघडायच्या आधी जाऊन रांगेत तापू नका, मुख्य बँडच्या तासभर आधी पोचा. मागच्या बाजूला साउंडवाल्यांचा जो चौकोनी मचाण असतो ना त्याच्याजवळ उभ्या राहा, तिथे टेकायला बॅरिकेड मिळतं आणि आवाज सगळ्यात चांगला तिथेच असतो कारण तो माणूस स्वतःच्या कानाने तिथेच बसून जुळवत असतो. हे मला फार उशिरा कळलं, आधी दहा वर्षं मी पुढे घुसून लोकांचे कोपरे खाल्ले.

आणि कानात फोमचे बोळे घाला, मेडिकलच्या दुकानात मिळतात. हसण्यावारी नेऊ नका. १०० डेसिबलच्या आवाजात बिनबोळ्याचं सुरक्षित राहायचं म्हटलं तर दिवसाला साधारण १५ मिनिटं, आणि शो असतो दोन-अडीच तासांचा. दुसऱ्या दिवशी कानात जी शिट्टी वाजते ती काही शोची आठवण नसते, ती कानाची तक्रार असते. माझ्या डाव्या कानात २००७ पासून एक बारीक शिट्टी कायमची मुक्कामाला आहे.

प्रश्न: नागपूर. पिंक फ्लॉइडवर कॉलेजपासून जीव आहे, खास करून डेव्हिड गिल्मोरवर. तो भारतात आला नाही आणि येईल असं वाटत नाही. दोन वर्षांत रिटायर होतोय. फंडातले पैसे काढून परदेशात जाऊन बघावं का? बायको म्हणते आधी घराचं वॉटरप्रूफिंग. दुसरं म्हणजे वॉटर्स आणि गिल्मोर एकत्र येईपर्यंत थांबावं असंही वाटतं.

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे. थांबू नका. पिंक फ्लॉइडचे वॉटर्स, गिल्मोर, राइट, मेसन चौघं एका स्टेजवर शेवटचे आले ते २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये, लाइव्ह एट नावाच्या कार्यक्रमासाठी, चोवीस वर्षांनी. रिक राइट २००८ मध्ये गेला. त्यानंतर मे २०११ ला लंडनमध्ये वॉटर्सच्या शोमध्ये गिल्मोर एका रात्री येऊन स्टेजवर उभारलेल्या भिंतीवर उभा राहून कम्फर्टेबली नम्ब वाजवून गेला, आणि तेव्हापासून दोघांचं जे काही चाललंय ते बघता आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या केसेस बऱ्या म्हणायच्या. सातबाऱ्यावर तरी कधीतरी तोडगा निघतो.

आता गिल्मोर. त्याचा जन्म १९४६ चा. २०२४ च्या शरद ऋतूत नवीन अल्बम घेऊन तो निघाला तेव्हा तो मुख्यतः रोम, लंडन, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क इथेच थांबला, पण प्रत्येक ठिकाणी अनेक रात्री, रोमला तर सर्कस मॅक्सिमसवर सहा. म्हणजे तो आता गावोगाव फिरत नाही, मोजक्या जागी तळ ठोकतो आणि लोक त्याच्याकडे जातात, पंढरीसारखं. त्यामुळे 'आपल्या जवळ कधी येतो बघू' हा विचार सोडा. पुन्हा काही जाहीर झालं तरच हा प्रश्न उभा राहतो, पण झालं तर वेळ मिळत नाही, म्हणून तयारी आत्ता. पासपोर्टची मुदत बघा. युरोपात असेल तर शेंगेन व्हिसा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ३० हजार युरोचं कव्हर असलेला विमा लागतो. लंडनचा व्हिसा पूर्ण वेगळा, शेंगेनवर चालत नाही, माझ्या ओळखीचा एकजण या गैरसमजात विमानाचं तिकीट काढून बसला होता. शोचं तिकीट परत विकलं जाणारं मिळेल म्हणून कुठल्याही अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका, तसं करून मी स्वतः एकदा हात पोळून घेतलेत, रक्कम सांगत नाही, बायको हा कॉलम वाचते.

वॉटरप्रूफिंगचं म्हणाल तर वहिनींचं बरोबर आहे, नागपूरचा पाऊस गिल्मोरसाठी थांबणार नाही. पण मला विचाराल तर आधी गच्ची करून घ्या, स्वस्तातला स्वस्त नको, नीट करून घ्या, आणि करताना वहिनींना सांगा की पुढचं मोठं खर्चाचं काम ते. त्यांना रोमला घेऊन जा. संध्याकाळी त्या दोन तास कंटाळतील, बाकी आठ दिवस रोम त्यांचं. आणि जाहीर झालंच नाही कधी, तर पासपोर्ट आणि कोरडी गच्ची या दोन गोष्टी हातात राहतात, त्या काही वाया जात नाहीत.

आणि तिथे पोचलात तर माझ्यासारखा लाल पेन नेऊ नका. त्याची ती लांब खेचलेली तार रेकॉर्डवर आहे तशीच येईल, बोटं त्याची बऱ्यापैकी शाबूत आहेत, गळा मात्र दमलेला असेल, दमू दे.

प्रश्न: मी पुण्याची, वय २०. बाबा ५४ चे. मार्च २०२५ ला लोलापलूझा फेस्टिव्हलला ग्रीन डे बँडवाले होते म्हणून आम्ही मित्रमैत्रिणी जाणार होतो तर बाबा म्हणाले मीपण येतो, मी त्यांना १९९४ पासून ऐकतोय. आले. पूर्ण शोभर उड्या मारल्या, अनोळखी पोरांच्या खांद्यावर हात टाकून ओरडत होते, एका गाण्याला मला घट्ट धरून रडले. माझे फ्रेंड्स अजून त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकतात. मला राग येतोय की नाही तेच कळत नाहीये. आता यंदाही यायचं म्हणतायत.

उत्तर: बाळा, व्हिडिओ मलाही पाठव. गंमत नाही करत.

तू त्यांना घरात कसं बघितलंयस, ईएमआय, किराणा, गाडीचं सर्व्हिसिंग, तुझी फी. त्या दिवशी तू जो माणूस बघितलास तो १९९४ ला तेवीस वर्षांचा होता आणि तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे, तुझी आणि त्याची ओळखच नव्हती आतापर्यंत. ओळख झाली ती सगळ्या फ्रेंड्ससमोर झाली, हे जरा अवघड आहे, मान्य.

यंदा न्यायचं की नाही ते तू ठरव, नाही म्हणालीस तरी काही बिघडत नाही, तुझ्या वयात बाप बरोबर नको वाटणं हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. पण नेलंस तर एवढं कर, आत गेल्यावर भेटायची एक जागा ठरव, पाण्याच्या स्टॉलपाशी वगैरे, आणि मग त्यांना सोडून दे. नेटवर्क जातं तिथे, फोन लागत नाही. ते त्यांच्या कोपऱ्यात उड्या मारतील, तू तुझ्या. आणि निघताना त्यांच्या खिशात दुखऱ्या कंबरेचं मलम टाक, ते स्वतः नेणार नाहीत आणि दुसऱ्या दिवशी तुलाच चोळायला लावतील.

आता कोल्हापूरच्या ताई, ती वही. अजून असेल ना? माळ्यावर, शाळेच्या सर्टिफिकिटांबरोबर, असतेच. लेकीला चढवा माळ्यावर. एका पानाचा फोटो पाठवा. पुढच्या अंकात छापू, आणि मुद्रितशोधकाला मी आधीच सांगून ठेवलंय की त्यातलं एक अक्षरही दुरुस्त करायचं नाही.